दाण्यातील जनुकांची मोजदाद

देवासच्या दक्षिणेस, बागलीच्या वाटेवर असलेले हाटपिपल्या माळव्याच्या ज्या काळ्या, चिकण आणि पावसाळ्यात पाय रुतविणाऱ्या जमिनीवर वसले आहे, त्या जमिनीचा खरीप हंगाम गेल्या अर्धशतकात एका लहानशा पिवळ्या दाण्याने सर्वस्वी पालटून टाकला. देवासवर पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पात्यांचा अंमल होता त्या काळी, आणि संस्थाने विलीन झाल्यावरही पुष्कळ वर्षे, इकडची रयत भारी जमिनीचा मोठा भाग खरिपात पडीक ठेवीत असे; भर पावसात त्या चिखलात औत चालविणे दुरापास्त, म्हणून पाणी जमिनीत मुरू द्यावे आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावा, अशी पिढीजात वहिवाट होती. जबलपूरच्या कृषि विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने १९६० नंतरच्या दशकात पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग आरंभिले, त्या रिकाम्या हंगामात हे पीक हळूहळू शिरले, १९८७ मध्ये इंदूरला सोयाबीन-संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि पुढे ‘जेएस ३३५’ या वाणाने तर माळवा आणि विदर्भ-मराठवाडा यांना एकाच पिकाच्या सूत्रात गोवले. आज पावसाळा सरला की हाटपिपल्याच्या मंडीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते ती या दाण्याचीच, आणि घरातील लग्नकार्य, सावकाराचे देणे, बँकेचा हप्ता हे सारे त्याच्याच भावाकडे डोळे लावून असते.

या दाण्याच्या अंगी एक गुण असा आहे की जो दिसत नाही, चाखता येत नाही, आणि ओलावा किंवा तेलाचा उतारा मोजणाऱ्या मंडीतल्या कोणत्याही साधनाला उमगत नाही. तो जनुकीय परिवर्तित नाही. व्यापारी ज्याला ‘नॉन-जीएम’ म्हणतात तो हाच. अमेरिकेत पिकणाऱ्या सोयाबीनपैकी ९० टक्क्यांहून अधिक आज परिवर्तित वाणांचे आहे, ब्राझील आणि अर्जेंटिना यांची स्थितीही तशीच. हिंदुस्थानात मात्र परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीस सरकारने आजवर परवानगी दिलेली नाही. साहजिकच, ज्या परदेशी खरेदीदारास आपल्या कोंबड्यांना, गुरांना किंवा माणसांना अपरिवर्तित सोयाबीनच द्यावयाचे आहे, त्याच्यासाठी जगात जी थोडी ठिकाणे उरली आहेत त्यांत माळवा मोडतो. हे वेगळेपण हीच इथल्या सोयापेंडीची परदेशातील पत आहे.

पत म्हटली की दाखला आला. २०२१ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेला, कुक्कुटपालकांनी ओरड केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन परिवर्तित सोयापेंड आयात करण्याची मुभा दिली. माल उतरविण्यासाठी न्हावा-शेवा बंदर आणि बंगालच्या सीमेवरील पेट्रापोल ही ठिकाणे मुक्रर झाली. पर्यावरण खात्याने त्या वेळी जो अभिप्राय दिला तो विचार करण्याजोगा आहे: तेल काढून भरडलेल्या पेंडीत उगवू शकेल असा जिवंत परिवर्तित जीव नसतो, सबब हरकत नाही. बियाणे आणि पर्यावरण यांच्या दृष्टीने हा युक्तिवाद मान्य करण्यासारखा आहे. परंतु पेंड मृत असली तरी मुकी नसते. भरडलेल्या, भाजलेल्या, विद्रावकातून काढलेल्या त्या चुऱ्यातही डीएनएचे तुकडे शिल्लक राहतात. ज्या गोदामात किंवा ज्या ट्रकमध्ये ती पेंड पडली, त्याच्या फटींत तिची धूळ राहते. आणि पुढे त्याच जागेतून माळव्याची पेंड परदेशी रवाना झाली, तर खरेदीदाराची प्रयोगशाळा ती धूळ वाचू शकते. युरोपीय संघात ०.९ टक्क्यापेक्षा अधिक परिवर्तित अंश आढळल्यास मालावर तसे छापणे सक्तीचे आहे. दक्षिण कोरियात ही मर्यादा ३ टक्के, जपानात ५ टक्के. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ऑगस्ट २०२० मध्ये हुकूम काढून सोयाबीन, मका, भात यांसह २४ पिकांच्या आयात मालाबरोबर अपरिवर्तित असल्याचा दाखला मागितला आणि नकळत झालेल्या भेसळीस १ टक्क्यापर्यंत सूट ठेवली. म्हणजे वाद ‘आहे की नाही’ एवढ्यापुरता राहिलेला नाही. तो ‘किती’ यावर येऊन ठेपला आहे, आणि लाखो रुपयांच्या मालाचे भवितव्य दशांश चिन्हापुढील एका आकड्यावर ठरू लागले आहे.

परिवर्तित अन्न आरोग्यास अपायकारक आहे की नाही, हा प्रश्न मी येथे हेतुतः बाजूस ठेवतो, कारण तो स्वतंत्र आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेतील चाचणीतून निघत नाही. येथे प्रश्न आहे तो सचोटीचा: मागणाऱ्याने जे मागितले आणि देणाऱ्याने जे दिल्याचे सांगितले, ते एकच आहे काय?

शोधावयाचे काय, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने ज्याचा प्रसार १९९६ पासून केला आणि दप्तरी ज्याची नोंद ‘जीटीएस ४०-३-२’ अशी आहे, त्या सोयाबीनचे उदाहरण घेऊ. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी ते पीक मरत नाही, याचे कारण एका मृत्तिकाजन्य जिवाणूतून घेतलेले एक जनुक त्याच्या गुणसूत्रात बसविलेले आहे. पण जनुक नुसते बसवून भागत नाही. ते कार्यान्वित व्हावे म्हणून त्याच्या अलीकडे फुलकोबीच्या एका विषाणूतून घेतलेला ‘३५एस’ नामक प्रवर्तक जोडलेला असतो, आणि ते कोठे थांबावे हे सांगणारा ‘नॉस’ नामक समापक पलीकडे असतो, जो पुन्हा एका जिवाणूचाच. प्रवर्तक आणि समापक ही जोडी अनेक परिवर्तित पिकांत समान असल्यामुळे तिचा शोध ही पहिली, ढोबळ चाळणी ठरते. तिच्यावर विसंबून मात्र निकाल देता येत नाही. कारण तो विषाणू मोहरी आणि कोबी यांच्या कुळात निसर्गतःच रोग म्हणून आढळतो आणि तो जिवाणू तर मातीतच नांदतो, तेव्हा रोगट मोहरीचा किंवा मातकट दाण्याचा नमुना निष्कारण आरोपी ठरू शकतो. निःसंदिग्ध पुरावा एकाच ठिकाणी मिळतो: परकी साखळी जेथे संपते आणि सोयाबीनचे स्वतःचे गुणसूत्र जेथे सुरू होते, त्या सांध्यावर. तो सांधा प्रत्येक परिवर्तनात वेगळा असतो, आणि जगातील दुसऱ्या कोणत्याही जीवात तो असण्याचे कारण नसते.

डीएनएच्या चाचणीआधी प्रथिनांवर आधारलेल्या पट्ट्या प्रचारात होत्या आणि अजूनही आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी कापसाचे बियाणे अस्सल की बनावट हे दुकानाच्या दारातच कळावे म्हणून अशी साधने सिद्ध केली, आणि बियाण्यासाठी ती फार उपयुक्त ठरली. धार जिल्ह्याच्या निमाड भागात, मनावर-कुक्षीकडे, जो कापूस पिकतो त्याला हे लागू पडते. पण प्रथिन उष्णतेने मोडते. भाजलेल्या पेंडीत किंवा बिस्किटात ते ओळखण्याजोगे उरत नाही. डीएनए त्या मानाने चिवट आहे. त्याचे तुकडे होतात, परंतु शंभरेक अक्षरांचा तुकडा शाबूत राहिला तरी तपासनिसाचे काम भागते.

तो तुकडा वाढवून दाखविण्याची युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापविले की डीएनएचे दोन धागे विलग होतात. ६० अंशांच्या आसपास आणले की हव्या त्या मजकुराशी जुळणारे दोन छोटे आरंभक तुकडे आपापल्या जागी चिकटतात. आणि उष्ण झऱ्यातील जिवाणूपासून मिळविलेले, तापूनही न बिघडणारे एक विकर त्यांच्यापुढे नवा धागा विणते. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार, आणि ३० फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक. आरंभक ज्या मजकुराला चिकटत नाहीत तो मजकूर वाढत नाही, एवढेच या सगळ्याचे मर्म.

पण एकाचे शंभर कोटी झाले हे कळल्याने मुळात एक होता की दहा होते, ते कळत नाही. म्हणून पुढची रीत निघाली ती वाढ होत असतानाच तिच्यावर पाळत ठेवण्याची: मिश्रणात चकाकणारे एक अन्वेषक द्रव्य घालावयाचे, आणि कितव्या फेरीला चकाकी नजरेत भरली हे टिपावयाचे. मूळ माल अधिक असेल तर चकाकी लवकर, कमी असेल तर उशिरा. गेली पंचवीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा या रीतीने निकाल देत आल्या आहेत आणि तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. तिच्यात उणीव आहे ती अशी की फेरीचा क्रमांक स्वतः काहीच सांगत नाही. ज्ञात टक्केवारीच्या प्रमाण नमुन्यांवरून आधी एक आलेख काढावा लागतो आणि अज्ञात नमुना त्या आलेखावर बसवावा लागतो. युरोपीय आयोगाच्या बेल्जियममधील गील येथील संस्थेचे प्रमाणित सोयाबीन-पीठ अशा कामासाठी आणविले जाते. ते पीठ शुद्ध, निवडलेले. आणि पुढ्यात आलेला नमुना असतो पेंडीचा, भाजताना काळवंडलेला. त्यातील शर्करा आणि कषाय द्रव्ये विकराच्या कामात अडथळा आणतात, चकाकी एक फेरी उशिरा दिसते, आणि एक फेरी उशीर म्हणजे हिशेबात माल निम्मा. ०.९ टक्क्याच्या आसपास जेथे निकाल फिरतो, तेथे ही चूक परवडणारी नाही.

बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किंझलर या अमेरिकेतील दोन कर्करोग-संशोधकांनी १९९९ मध्ये ‘डिजिटल पीसीआर’ या नावाने जो मार्ग मांडला त्याचे मूळ सूत्र असे की एका भांड्यात सगळे एकत्र वाढवून किती वाढले हे मापण्यापेक्षा, मिश्रण आधीच इतक्या बारीक भागांत वाटावे की एकेका भागात शोध्य तुकडा एखादाच यावा किंवा मुळीच येऊ नये. मग प्रत्येक भागात वाढ स्वतंत्रपणे होऊ द्यावी आणि अखेरीस फक्त एवढेच विचारावे, की हा भाग उजळला की नाही? उत्तर हो किंवा नाही, दोनच. कितव्या फेरीला उजळला हे विचारावयाचेच नाही. त्यामुळे अडथळ्याच्या द्रव्यांनी एखादी फेरी उशीर झाला तरी ४० फेऱ्यांअखेर तो भाग उजळतोच आणि हिशेब बिघडत नाही. अडथळा इतका असेल की वाढ मुळी होतच नाही, तर मात्र हाही उपाय चालत नाही, आणि डीएनए नीट शुद्ध करण्याच्या कष्टांतून सुटका कोणाचीच नाही.

कल्पना साधी, पण ती हजारो भागांत राबविणे हाताने अशक्य होते. यंत्रांनी ते शक्य केले. आज प्रचलित असलेल्या थेंबांच्या पद्धतीत २० मायक्रोलिटर मिश्रण, म्हणजे डोळ्यांतून ओघळणाऱ्या अश्रूपेक्षाही कमी, तेलाच्या प्रवाहातून ओढून त्याचे सुमारे २०,००० एकसारखे थेंब पाडतात. प्रत्येक थेंब एका नॅनोलिटरच्या आसपास, आणि तेलाच्या वेष्टनामुळे शेजारच्यापासून अलग. तापचक्रे आटोपली की हे थेंब एकामागून एक अशा रीतीने प्रकाशझोतापुढून जातात, आणि यंत्र प्रत्येकाची चकाकी नोंदवून घेते. पडद्यावर खाली अंधाऱ्या थेंबांचा दाट पट्टा आणि वर उजळलेल्यांचा दुसरा पट्टा उमटतो. दोहोंच्या मधल्या जागेत काही थेंब अर्धवट उजळून विखुरलेले दिसतात, आणि त्यांना कोणत्या बाजूस धरावे याची रेषा तपासनिसाला सदसद्विवेकाने आखावी लागते. दोन वेगळ्या रंगांची अन्वेषके वापरून एकाच थेंबात दोन प्रश्न विचारता येतात: परिवर्तनाचा सांधा आहे काय, आणि सोयाबीनचे स्वतःचे लेक्टिन जनुक आहे काय? पहिल्या संख्येस दुसरीने भागले की टक्केवारी.

येथे एक गणिती खाचखळगा आहे आणि तो नीट समजून घेतल्याखेरीज या रीतीचे महत्त्व कळत नाही. उजळलेला थेंब म्हणजे एक तुकडा, असे धरता येत नाही, कारण एखाद्या थेंबात दोन-तीन तुकडेही पडलेले असू शकतात आणि तरी तो एकदाच उजळतो. पावसाचे पहिले टपोरे थेंब कौलांवर पडतात तेव्हा भिजलेली कौले मोजून थेंब किती पडले ते सांगता येत नाही, कारण एकाच कौलावर दोन पडलेले असतात. मात्र कोरडी राहिलेली कौले मोजली तर हिशेब लागतो, कारण कोरडेपणात संदिग्धता नसते. सिमेओं-देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये न्यायालयीन निवाड्यांच्या संभाव्यतेवर लिहिताना जे सूत्र मांडले, आणि ज्याच्या आधारे १८९८ मध्ये बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियन लष्करात घोड्याच्या लाथेने दगावणाऱ्या शिपायांच्या संख्येची उपपत्ती लावली, तेच सूत्र येथे कामी येते. अंधाऱ्या थेंबांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगरिथम घेऊन त्याचे चिन्ह बदलले की दर थेंबामागे सरासरी किती तुकडे होते ते मिळते.

आकडे घालून पाहू. समजा २०,००० थेंबांपैकी लेक्टिन जनुकासाठी १५,००० उजळले आणि परिवर्तनाच्या सांध्यासाठी २००. सरळ भागाकार केला तर उत्तर येते १.३३ टक्के, युरोपची मर्यादा ओलांडली, माल परत. परंतु लेक्टिनच्या बाबतीत अंधारे थेंब एक-चतुर्थांशच उरले आहेत, म्हणजे दर थेंबामागे तुकडे १.३८६, आणि एकूण तुकडे १५,००० नसून सुमारे २७,७००. सांध्याचे २०० थेंब विरळ असल्याने तेथे तुकडे २०१. खरे प्रमाण ०.७३ टक्के, माल मर्यादेच्या आत. दोनशेच्या मोजणीत दैवाधीन चढउतार चौदा-पंधराचा, तेव्हा ९५ टक्के खात्रीने बोलावयाचे तर प्रमाण ०.६२ ते ०.८३ च्या दरम्यान. हा सगळा हिशेब कोणत्याही परक्या पिठाच्या आलेखाविना झाला, आणि त्रुटीची मर्यादाही त्याच मोजणीतून निघाली. स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय जीवशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये मक्याच्या ‘मॉन ८१०’ या परिवर्तनावर ही रीत अन्न आणि पशुखाद्य यांच्या नमुन्यांत तपासून पाहिली, तेव्हापासून सरकारी प्रयोगशाळांत तिचा शिरकाव वाढत गेला. प्रमाणित पिठाची गरज अजिबात संपली असे नाही. यंत्र आणि तपासनीस यांची परीक्षा घेण्यासाठी ते लागतेच.

सोयाबीन या बाबतीत तपासनिसाला अनुकूल पीक आहे. ते स्वपरागित, म्हणून परिवर्तित दाण्यात परकी साखळी दोन्ही गुणसूत्रांवर असते, आणि दाण्याचा बहुतेक भाग डाळिंब्यांचाच. सबब जनुकांचे प्रमाण आणि वजनाचे प्रमाण यांत फारशी तफावत पडत नाही. मक्याचे तसे नाही. संकरित मक्याच्या दाण्यात साखळी बहुधा एकाच पालकाकडून आलेली असते आणि त्याच्या पिठूळ भागात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे जनुकांच्या मोजदादीवरून वजनाची टक्केवारी सांगताना बराच विवेक लागतो.

या चाचणीला जे साधत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येणारे सोयाबीन तेल, ज्याच्या आयातीस आपल्याकडे २००७ पासून मुभा आहे, बहुतांशी परिवर्तित दाण्याचे असते. पण शुद्धीकरणात डीएनए जवळजवळ समूळ निघून जातो, आणि स्वयंपाकघरातील डब्यातून तेलाचे मूळ कुळ सिद्ध करणे या यंत्रासही सहसा जमत नाही. सरकीच्या तेलाचेही हेच. तेथे कागदोपत्री माग हाच पुरावा. दुसरी मर्यादा नव्या काळाची आहे: मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या जनुक-संपादित भाताच्या दोन वाणांत परकी साखळीच नाही, मूळच्या मजकुरातील मोजकी अक्षरे तेवढी बदललेली आहेत. नेमका बदल ठाऊक असेल तर डिजिटल मोजणीला तो हुडकता येतो. ठाऊक नसेल तर निसर्गात आपोआप घडलेल्या बदलापासून तो वेगळा ओळखण्याचे साधन नाही.

तथापि माझ्या मते हाटपिपल्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा यंत्रात नसून यंत्रापर्यंत पोचणाऱ्या पुडीत आहे, आणि या विषयावर जेवढे लिहिले-बोलले जाते त्यात तिचा उल्लेख सर्वांत कमी असतो. मंडीत लिलावाच्या वेळी व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, तळहातावर दाणे पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा अजमावतो. पोत्यातला माल असेल तर परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसून आतले दाणे काढतो. डागी दाणा किंवा मातीचा खडा यांच्यासाठी हे पुरेसे आहे, कारण ते सर्वत्र विखुरलेले असतात. परंतु हजारात एक परिवर्तित दाणा असेल, म्हणजे प्रमाण ०.१ टक्का, तर मुठीतल्या ४०० दाण्यांत तो एकदाही न येण्याचा संभव तीनांत दोन इतका असतो. तो किमान एकदा तरी सापडेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३,००० दाणे घ्यावे लागतात. आपल्या वाणांचे शंभर दाणे साधारण १० ते १३ ग्रॅम भरतात, तेव्हा ३,००० दाणे म्हणजे पाव किलोहून अधिक, अर्ध्या किलोच्या आत. मागणी अवाजवी नाही. मात्र ते दाणे ट्रकच्या एकाच कोपऱ्यातले असून चालत नाहीत. २०० क्विंटलच्या ट्रकमध्ये सतरा कोटींच्या आसपास दाणे असतात आणि गोदामाच्या तळाची परकी धूळ त्यांत सारखी मिसळलेली नसते, ती एका थरात बसलेली असते.

पुढची पायरी त्याहून फसवी. प्रयोगशाळेत डीएनए काढण्यासाठी जे पीठ घेतात ते १०० ते २०० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने एक किंवा दोन दाण्यांएवढे. तीन हजार दाणे जमवून आणल्यावर त्यांचे प्रतिनिधित्व दोन दाण्यांएवढ्या पिठाने करावयाचे आहे. तेव्हा दळण किती बारीक, मिश्रण किती एकजीव, आणि त्याच चक्कीत आदल्या दिवशी काय दळले होते, यावर वीस हजार थेंबांच्या मोजदादीचे सारे इमान अवलंबून राहते. काळजीपूर्वक काम करणारे लोक म्हणूनच प्रत्येक नमुन्यानंतर चक्की उघडून धुतात, दळणाची खोली आणि डीएनए वाढविण्याची खोली वेगळी ठेवतात, आणि पिठाचे दोन वेगळे भाग घेऊन स्वतंत्रपणे डीएनए काढतात. दोन्ही आकडे जुळले तरच निकालावर सही होते.

जून २०२१ मध्ये फ्रान्सने युरोपीय संघाला कळविले की हिंदुस्थानातून आलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात परिवर्तित भाताचा अंश सापडला. ते पीठ चॉकलेटांत गेलेले असल्यामुळे अनेक देशांतील दुकानांतून माल परत मागवावा लागला. आपल्या सरकारने उत्तर दिले की येथे परिवर्तित भाताची व्यापारी लागवडच नाही, आणि हे विधान खरे होते. पण तुकडा तांदूळ गिरणीतून निघून अनेक हातांतून, अनेक गोदामांतून, जहाजातून आणि पुन्हा परदेशी चक्कीतून गेला होता. त्यांपैकी कोणत्या टप्प्यावर काय मिसळले, हे सांगू शकेल असा प्रत्येक टप्प्याचा सीलबंद नमुना असावा लागतो. ‘आमच्याकडे पिकत नाही’ हे विधान शेताविषयी असते, आणि चाचणी पोत्याविषयी बोलते.

माळव्याच्या सोयापेंडीवर असा प्रसंग कधीही येऊ शकतो, आणि त्यास तोंड देण्याची तजवीज फार खर्चाची नाही. अन्नसुरक्षा कायद्यात नमुन्याचे चार भाग करून एक विश्लेषकाकडे पाठविण्याची आणि बाकीचे पुढील तंट्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. तीच निर्यातीच्या मालाला लावता येईल. तुलावट्याच्या, म्हणजे मंडीतील तोलणाऱ्याच्या, काट्यावरून माल ज्या गोदामात जातो आणि गोदामातून कारखान्यात व तेथून पेंड होऊन ट्रकमध्ये चढते, त्या प्रत्येक ठिकाणी, माल पडत असतानाच्या धारेतून ठराविक अंतराने थोडा थोडा नमुना धरावा, एकत्र करून त्याचे भाग पाडावे, आणि एक भाग परदेशी खरेदीदाराचा निकाल येईपर्यंत कोरड्या जागी मोहरबंद ठेवावा. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्रात परिवर्तित पिकांच्या शोधाची प्रयोगशाळा बरीच वर्षे काम करीत आहे. ज्या इंदुरात सोयाबीनची संशोधन संस्था आहे आणि सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांचा संघही आहे, तेथे असे एक यंत्र आणि ते चालविणारी चार शिकलेली माणसे बसविणे या व्यापाराच्या आवाक्याबाहेरचे नाही. मोहरबंद पुडीवर ट्रकचा क्रमांक, गोदामाचे नाव, तारीख आणि नमुना धरणाऱ्याची सही एवढा तपशील असला, म्हणजे हॅम्बुर्ग किंवा रॉटरडॅमहून ०.९५ असा आकडा आला तरी येथील माणसाला आपल्या पुडीतले वीस हजार थेंब मोजून त्याची रुजवात घालता येईल.